कुटुंब मोजले, माणूस विसरले!

चीनविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे तावातावाने बोलतात. पहिली म्हणतात, चीनने लोकसंख्येला लगाम घातला म्हणून तो पुढे गेला, आपल्याकडेही तसाच दंडुका हवा. दुसरी म्हणतात, चीनने जमीन वाटली, बाईला बरोबरीचा हक्क दिला, तेथे आता काही प्रश्नच उरलेला नाही. ही दोन्ही माणसे चीनच्या खेड्यातल्या घरात डोकावत नाहीत. त्या घरातल्या लेकीचा जमिनीतला वाटा कुठे जातो, मुले आईबापाविना का वाढतात, म्हातारी माणसे कुणाच्या भरवशावर दिवस काढतात, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत.

आम्ही कोर्टात उभे राहणारी माणसे. कोणताही कायदा हाती आला की आम्ही आधी एकच गोष्ट पाहतो. हक्क कुणाच्या नावाने दिला आहे? माणसाच्या, कुटुंबाच्या की गावाच्या? वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल, पण निकाल त्यावरच लागतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचा उदोउदो करणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते आणि मसुद्याने खेडे बाजूला सारून व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्या भूमिकेचे मोल किती, हे समजून घ्यायचे असेल तर गेल्या पंचाहत्तर वर्षांतल्या चिनी खेड्याकडे पाहावे. तेथल्या सरकारने जमीन, धान्य, अपत्ये, औषधपाणी, म्हातारपण या सगळ्यांचा हिशेब कुटुंबाच्या नावाने मांडला. आणि प्रत्येक वेळी त्या कुटुंबातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या वाट्याचे दुसऱ्यानेच उचलले.

सुरुवात चांगली होती

खरे तर नव्या चीनची सुरुवात माणूस मोजण्यापासून झाली. १ मे १९५० रोजी तेथे विवाह कायदा लागू झाला. राज्यघटना अजून यायची होती, तोवर हा कायदा आला. लग्न दोघांच्या मर्जीने व्हावे, मुलाचे वय वीस आणि मुलीचे अठरा पूर्ण असावे, रखेल ठेवू नये, बालविवाह करू नये, विधवेच्या पुनर्विवाहात आडकाठी आणू नये, लग्नाच्या निमित्ताने पैसा उकळू नये, बाईला घटस्फोट मागता यावा, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी ३० जूनला जमीन सुधारणा कायदा आला. जमीनदाराची जमीन काढून माणशी वाटली गेली आणि त्या माणसांत बायकाही मोजल्या गेल्या. शेकडो वर्षे जिचा जमिनीशी संबंध फक्त राबण्यापुरता होता, तिच्या वाट्याचा तुकडा हिशेबात आला.

याच सुमारास आपल्याकडे हिंदू कोड बिलाचे काय चालले होते, हे चळवळीच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले, त्यामागे त्या बिलाची झालेली कुचंबणा हे एक मोठे कारण होते. चीनमध्ये संसदेत अडवणारे कुणी नव्हते, म्हणून कायदा झाला. पण गावात अडवणारे होतेच! विवाह कायद्याला लोक ‘घटस्फोटाचा कायदा’ म्हणू लागले. सासरच्या जाचातून सुटायला निघालेल्या बायकांना गावच्या पुढाऱ्यांनी परत पाठवले, मारहाण झाली, अनेकींचे बळी गेले. मार्च १९५३ मध्ये सरकारने महिनाभर कायद्याच्या प्रचाराची मोहीम घेतली. पुढे मात्र ते अंगाशी येते असे पाहून सरकारने हात आखडता घेतला, कारण सरकारला आता घर मोडायचे नव्हते. घराकडून काम करून घ्यायचे होते.

त्याप्रमाणे घडलेही. १९५६ पर्यंत जमीन सामूहिक झाली आणि बाईच्या नावाचा तो तुकडा पुरता हातात येण्याआधीच गेला. सामूहिक शेतीत मजुरी कामाच्या गुणांवर ठरे. पुरुषाच्या दिवसाला साधारण दहा गुण, बाईच्या दिवसाला सात-आठ किंवा त्याहून कमी. आणि वर्षाअखेरीस गुणांचे धान्य नि पैसे मिळत ते घराला, म्हणजे घरच्या कर्त्याला! राबली ती, हिशेब झाला त्याच्या नावाने.

जन्माबरोबर चिकटणारी पुस्तिका

९ जानेवारी १९५८ रोजी आलेल्या नियमांनी चिनी समाजाचे दोन तुकडे केले. या व्यवस्थेला ‘हुकोऊ’ म्हणतात. प्रत्येक घराची एक नोंदपुस्तिका. त्यात घर ग्रामीण की शहरी, शेतीवरचे की बिगरशेतीचे, हे लिहिलेले. शहरी नोंद असेल तर रेशन, नोकरी, घर, दवाखाना, पेन्शन. ग्रामीण नोंद असेल तर शेत आणि आपले नशीब. ग्रामीण माणसाला परवानगीशिवाय शहरात जाऊन राहता येत नसे. शिवाय ही नोंद जन्माबरोबर मिळे, तीही आईकडून. बाप शहरी असला तरी आई खेड्याची असेल तर लेकरू खेड्याचे! वडिलांची नोंद घेण्याची मुभा मिळायला १९९८ साल उजाडावे लागले.

हुकोऊ म्हणजे जात नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तिच्यात विटाळ नाही, धर्मग्रंथाचा आधार नाही, आणि सरकारने लिहिलेली गोष्ट सरकार खोडूही शकते. पण माणूस जन्मतो त्या क्षणी त्याची पायरी ठरवणारी कोणतीही व्यवस्था पाहिली की आपल्या वाचकाला ती ओळखायला वेळ लागत नाही.

त्याच १९५८ साली कम्यून आली. घरातल्या चुली विझल्या, सामुदायिक भोजनगृहे सुरू झाली. बाईची चुलीतून सुटका झाली, असा डांगोरा पिटला गेला. पण धान्याची किल्ली घरातून गेली आणि ती गावच्या कार्यकर्त्याच्या हाती पडली. पुढच्या तीन वर्षांत जो दुष्काळ पडला त्यात किती माणसे मेली, याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात. त्यात मेला तो प्रामुख्याने खेड्यातला शेतकरी, धान्य पिकवणारा! शहराकडे जायला हुकोऊ आडवी होती. १९६१ मध्ये ती भोजनगृहे मोडली. चूल परत आली, ती पुन्हा बाईच्याच गळ्यात.

एका हाताने मुलगा मागितला, दुसऱ्या हाताने अडवला

१९७८ च्या हिवाळ्यात आनह्वेई प्रांतातल्या श्याओगांग या गावच्या अठरा शेतकऱ्यांनी एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक जमीन गुपचूप घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा सरकारला द्यायचा आणि उरेल ते आपले, असा तो करार होता. पकडले गेले तर तुरुंग ठरलेला. म्हणून त्या कागदात एक कलम घातले होते. गावच्या कार्यकर्त्यांना शिक्षा झाली तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. उपाशी माणसाचे धाडस आणि लेकरांची काळजी एकाच कागदावर! पुढे सरकारनेच ही पद्धत उचलली आणि १९८३ अखेर जवळजवळ सगळी शेतजमीन कुटुंबांना कसायला मिळाली. पीक वाढले, पोटभर अन्न मिळू लागले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण करार झाला तो कुटुंबाशी. जमीन गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. शेतीला हात हवेत. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, सून येते, म्हणजे शेतावर आणि घरात कायम राहणार तो मुलगा. खेड्यात पेन्शन नव्हते, म्हणजे म्हातारपणी पोसणार तोही मुलगाच. कम्यून मोडल्यावर गावोगावची औषधपाण्याची सोयही ढासळली. थोडक्यात, सरकारने खेड्यातल्या माणसाला सांगितले की तुझे काय ते तुझ्या घराने पाहावे. ज्या घरात मुलगा नाही त्या घराने काय पाहावे?

नेमके त्याच वेळी दुसरा हुकूम आला. २५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाने सर्व सभासदांना खुले पत्र लिहून एका जोडप्याला एकच मूल ही हाक दिली. १९८३ मध्ये मोहीम टिपेला पोचली. एका वर्षात दोन कोटींहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि दर पाचांतल्या चार बायकांवर. बीज दोघांचे, चाकू तिच्या पोटावर! मूल जास्त झाले तर दंड, दंड भरला नाही तर धान्य, डुकरे, भांडीकुंडी उचलून नेणे, घर पाडणे, असे प्रकार ठिकठिकाणी झाले. गावचा असंतोष पाहून १९८४ पासून सरकारने नियम सैल केला आणि हळूहळू बहुतेक प्रांतांच्या ग्रामीण भागात पहिली मुलगी असेल तर दुसरे मूल होऊ देण्याची सवलत आली.

या सवलतीतला अर्थ पाहा. पहिला मुलगा झाला तर कुटुंब पूर्ण. मुलगी झाली तर अजून एक संधी. म्हणजे मुलगी अर्धी, असे खुद्द सरकारनेच लिहून दिले! घराला मुलगा हवा, सरकार मोजून मुले देणार, मग बळी कुणाचा जाणार? सोनोग्राफीची यंत्रे आली आणि गर्भातच निवड सुरू झाली. चीनने १९९४ च्या कायद्याने लिंगनिदानाला बंदी केली. आपला केंद्रीय कायदाही त्याच सालचा. दोन्हीकडे कायद्याची गत सारखीच झाली. चीनमध्ये शंभर मुलींमागे जन्मणाऱ्या मुलग्यांची संख्या १९८२ मध्ये १०८ च्या आसपास होती, ती २००० च्या जनगणनेत ११७ च्या घरात गेली. जन्माला आलेल्या कित्येक मुली अनाथालयांच्या दारात सोडल्या गेल्या. १९९२ पासून परदेशी दत्तक गेलेल्या चिनी मुलांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे आणि त्यांत मोठा भरणा मुलींचा. ही परदेशी दत्तक पद्धत चीनने २०२४ मध्ये बंद केली.

ज्या मुलांचा दंड भरला गेला नाही त्यांची हुकोऊत नोंद होत नसे. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, ओळखपत्र नाही, रेल्वेचे तिकीट नाही. २०१० च्या जनगणनेनुसार अशी सुमारे एक कोटी तीस लाख माणसे होती. गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला? २०१६ च्या सुरुवातीला सरकारने सर्वांची नोंद करण्याचा आदेश काढला, तोवर कित्येकांचे बालपण सरून गेले होते.

या अन्यायाविरुद्ध एक माणूस उभा राहिला, त्याचे नाव वकिली करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. चेन ग्वांगचेंग. शानदोंग प्रांतातल्या लिनयी भागातल्या खेड्याचा, दृष्टिहीन, कायदा स्वतःच शिकलेला. २००५ मध्ये त्याने लिनयीतल्या सक्तीच्या गर्भपातांचे आणि नसबंदीचे पुरावे गोळा केले, बायकांच्या वतीने दाद मागितली. त्यावर २००६ मध्ये त्यालाच मालमत्तेची नासधूस आणि वाहतुकीत अडथळा अशा आरोपांखाली चार वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली! शिक्षा संपल्यावर घरातच डांबले. एप्रिल २०१२ मध्ये तो पहारा चुकवून निसटला आणि मे महिन्यात अमेरिकेला पोचला. त्याने मागितले तरी काय होते? चीनच्याच कायद्याची अंमलबजावणी! कारण सक्ती करू नये, असे कागदोपत्री तेथल्या कायद्यातही होते.

मुले गावात, आईबाप कारखान्यात

शहरांत कारखाने उभे राहिले तसे खेड्यातले तरुण तिकडे निघाले. आज चीनमध्ये असे कामगार सुमारे ३० कोटी आहेत. श्रम शहराने घेतले, पण माणूस घेतला नाही. हुकोऊ गावची, म्हणून मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत जागा मिळणे कठीण आणि महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा बहुधा नोंदीच्या प्रांतातच द्यावी लागे. परिणामी मुले आजी-आजोबांकडे मागे राहिली. त्यात २००१ पासून लहान खेड्यांतल्या शाळा मोठ्या शाळांत मिसळण्याचे धोरण आले आणि दहा वर्षांत ग्रामीण प्राथमिक शाळांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. आईबाप आधीच दूर, आता शाळाही दूर. २०१२ मध्ये सरकारने हे धोरण थांबवले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्वेचौ प्रांतातल्या बिज्ये शहरात पाच मुले थंडीपासून जीव वाचवायला कचऱ्याच्या पेटीत शिरली, आत शेकोटी पेटवली आणि धुराने गुदमरून मेली. जून २०१५ मध्ये त्याच बिज्येच्या एका खेड्यात एकटी राहणारी चार भावंडे कीटकनाशकाने मेली. देश हादरला. २०१६ मध्ये सरकारने नवे आदेश काढले आणि मागे राहिलेल्या मुलांची मोजणी केली. २०१० च्या जनगणनेवरून काढलेली संख्या होती सहा कोटी दहा लाख. नव्या मोजणीत ती झाली नव्वद लाख वीस हजार! जादू कसली? आधी आई किंवा बाप यांपैकी एक बाहेर असलेले, अठरा वर्षांखालचे मूल मोजले जाई. आता सोळा वर्षांखालचे, आणि तेही दोघे बाहेर असतील किंवा घरी राहिलेला एक सांभाळायला असमर्थ असेल तरच. व्याख्या बदलली की दुःख कमी होते, ही युक्ती सगळ्याच सरकारांना माहीत असते.

दुसरीकडे, जन्मू न दिलेल्या मुलींची जागा आता रिकामी दिसू लागली. २०२० च्या जनगणनेत वीस ते चाळीस वयोगटात बायकांपेक्षा एक कोटी पंचाहत्तर लाख पुरुष जास्त निघाले. गरीब डोंगरी गावांत लग्नावाचून राहिलेल्यांची रांग लागली. १९५० च्या कायद्याने हद्दपार केलेले देज परत आले, तेही घर, गाडी आणि लाखो युआनच्या रूपात. देज परत मागण्याचे खटले इतके वाढले की सर्वोच्च न्यायालयाला त्याविषयी १ फेब्रुवारी २०२४ पासून खास नियम लागू करावे लागले. आणि ज्यांना देज परवडत नाही तेथे बाई विकत आणली गेली. जानेवारी २०२२ मध्ये जिआंगसू प्रांतातल्या फेंग तालुक्यात गळ्याला साखळी बांधलेली आठ मुलांची आई जगाने पाहिली. दूरच्या युननान प्रांतातून पळवून विकलेली ती बाई होती. मुली कमी झाल्या म्हणजे मुलीची किंमत वाढेल, असे सांगणारे शहाणे आपल्याकडेही आहेत. किंमत वाढली ती अशी, बाजारातल्या वस्तूची वाढते तशी!

बाहेर दिलेल्या लेकी

आता आमच्या मते सर्वांत कळीचा मुद्दा. जमीन कसण्याचा करार १९८४ मध्ये पंधरा वर्षांचा होता, १९९३ पासून तो तीस वर्षांचा झाला. दरम्यान एक तत्त्व पक्के झाले. माणसे वाढली म्हणून जमीन वाढणार नाही, माणसे घटली म्हणून घटणार नाही. प्रशासनाला सोयीचे तत्त्व. पण लग्न होऊन जाणाऱ्या लेकीचे काय? तिचा वाटा माहेरच्या कुटुंबाच्या करारात राहिला, तो भाऊ कसतो. सासरी जमीन आधीच वाटून झालेली, तिच्यासाठी नवी नाही. घटस्फोट झाला तर माहेरी वाटा नाही, सासरीही नाही. १ मार्च २००३ पासून लागू झालेल्या ग्रामीण जमीन करार कायद्यात म्हटले होते की सासरी जमीन मिळाल्याशिवाय माहेरच्या गावाने तिची जमीन काढून घेऊ नये. छान! पण जमीन कुटुंबाच्या नावावर, तर तिने ती भावाच्या हातून सोडवायची कशी?

शहराजवळच्या खेड्यांत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. ग्वांगदोंग प्रांतात जमिनी कारखान्यांना गेल्या, भाडे आणि नुकसानभरपाई येऊ लागली, गावकरी हिस्सेदार झाले. तेव्हा अनेक गावांनी ठराव केले. लग्न झालेल्या लेकीला हिस्सा नाही, तिच्या मुलांना नाही. नोंद गावची असली तरी नाही. ठराव बहुमताने, अगदी लोकशाही पद्धतीने! बायका न्यायालयात गेल्या तर अनेक न्यायालयांनी दावाच दाखल करून घेतला नाही. हा गावाच्या स्वायत्ततेचा विषय आहे, असे सांगितले. खेड्याला घटक मानले की अल्पमतातल्या माणसाचे काय होते, याहून वेगळा पुरावा हवा कशाला?

तीच गोष्ट म्हातारपणाची. २००९ मध्ये खेड्यांत पहिल्यांदा सरकारी पेन्शन आले, महिना ५५ युआन. साठ ओलांडलेल्याला वर्गणी न भरता ते मिळणार, पण अट अशी की त्याच्या पात्र मुलांनी आपली वर्गणी भरली पाहिजे. मुलाने भरली नाही तर बापाचे अडले. २००३ ची आरोग्य योजनाही अख्ख्या कुटुंबाने मिळून सामील व्हायची. केंद्राने ठरवलेली किमान पेन्शन २०२५ मध्ये १४३ युआन झाली, प्रांत त्यात थोडी भर घालतात. शहरातल्या निवृत्त कामगाराचे सरासरी पेन्शन तीन हजारांवर आहे. ही दरी भरून काढायला १ जुलै २०१३ पासून कायदा काय सांगतो? दूर राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वरचेवर भेटावे! ज्या सरकारने हुकोऊ घालून घर दोन जागी तोडले, तेच सरकार मुलाला मायेचा उपदेश करते.

उलटी पावले, आणि काही सरळ

२०१६ मध्ये दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तिसऱ्या मुलाला परवानगी मिळाली, दंडही रद्द झाला. ज्या गावांच्या भिंतींवर एकच मूल पुरे असे रंगवले होते, तेथे आता जास्त मुले होऊ द्या म्हणून आर्जव चालले आहे. २०२५ पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देऊ केले आहेत. तरी २०१६ मध्ये एक कोटी ७८ लाखांवर असलेले जन्म २०२४ मध्ये ९५ लाखांवर आले. बाईच्या कुशीला सरकारी नळ समजून हवा तेव्हा बंद आणि हवा तेव्हा चालू करता येत नाही, हा त्याचा धडा आहे.

पण काही पावले खरोखर सरळ पडली आणि ती नेमकी तेथेच पडली, जेथे कायद्याने कुटुंबाआडचा माणूस पाहिला. २०१९ पासून जमिनीच्या प्रमाणपत्रावर हक्क असलेल्या कुटुंबातल्या सर्वांची नावे लिहायची तरतूद झाली. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या ग्रामीण सामूहिक संस्थांच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा घरात पुरुष नाही, अशा कारणांवरून बाईचे हक्क डावलता येणार नाहीत. दुसरीकडे सदस्यत्व मिळेपर्यंत माहेरच्या गावाला तिचे सदस्यत्व काढता येणार नाही. आणि १० मे २०२५ पासून लग्नाची नोंदणी करताना हुकोऊची पुस्तिका दाखवावी लागत नाही, ओळखपत्र पुरते. लहान बदल वाटतो ना? पण ती पुस्तिका बापाच्या कपाटात असे. पुस्तिका दडवली की मुलीचे मनाजोगते लग्न अडे. १९५० च्या कायद्याने दिलेली मर्जी पंचाहत्तर वर्षांनी कपाटातून बाहेर पडली!

मात्र गावचा सदस्य कोण, याची यादी अजूनही गावच्या सभेतच पक्की व्हायची आहे. जमीन कराराची तीस वर्षांची फेरी बहुतेक गावांत २०२८ च्या आत संपते आणि ती आणखी तीस वर्षे पुढे न्यायची असे ठरले आहे, तीही बहुतांशी आहे तशीच. म्हणजे १९९७-९८ नंतर लग्न होऊन गेलेल्या लेकीला या दोन-तीन वर्षांत वाटा मिळाला नाही, तर तिच्या हयातीत मिळणे कठीण. नवा कायदा खरा की जुना रिवाज खरा, याचा निवाडा आता व्हायचा आहे.

आपल्या घरातला हिशेब

हे सारे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देता येईल का? आपल्या सातबाऱ्यावर ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून थोरल्या भावाचे नाव लागले आणि बहिणींचे हक्क त्या तीन शब्दांआड गेले, असे वाद आम्ही चालवतो. लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, तरी लेक म्हणजे परक्याचे धन असे म्हणत राखीच्या ओवाळणीवर हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल त्याच्या हाती, मोळी तिच्या डोक्यावर.

आणि दंडुक्याची मागणी करणाऱ्यांसाठी एक आठवण. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबांचा विचार होता. त्यात साधने पुरवण्याची मागणी होती. बाईच्या हाती साधन देणे आणि तिच्या अंगावर सक्ती घालणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे मात्र तिसरे अपत्य झाले तर पंचायतीचे सदस्यत्व जाण्याची अट सप्टेंबर २००१ पासून आली आणि हरियाणातल्या अशाच अटीला २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. आरक्षणामुळे कुठे पंचायतीच्या खुर्चीवर बसू लागलेल्या आमच्या किती भगिनींना तिसऱ्या अपत्याचा निर्णय स्वतः घेता आला होता? निर्णय घराचा, अपात्र ठरली ती!

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. कोणतीही योजना, कोणताही अर्ज, कोणताही ठराव हाती आला की त्यातला ‘कुटुंब’ हा शब्द थांबून वाचा. त्या शब्दाआड कोण कोण उभे आहे, त्यांची नावे विचारा, आणि ती नावे कागदावर घ्यायला लावा. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का, घरकुलाच्या कागदावर बायकोचे नाव आहे का, मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात पडते का, हे प्रत्येक वस्तीत तपासा. चिनी खेड्यातल्या बाईला स्वतःच्या नावासाठी पंचाहत्तर वर्षे झगडावे लागत आहे. आपल्याला तर संविधानाने व्यक्ती म्हणून आधीच ओळखले आहे. ती ओळख गावच्या चावडीपर्यंत नेण्याचे काम आपले आहे.